प्रशिक्षणाची नोंदवही कोणाच्या हाती?

कारखान्यात, शाळेत किंवा कचेरीत राबणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचे रीतसर शिक्षण मिळावे, ही मागणी समाजवादी चळवळीने मालकवर्गापुढे आणि सरकारपुढे वर्षानुवर्षे लावून धरली होती. आता असे शिक्षण देण्याची तयारी दोघेही मोठ्या हौसेने दाखवीत आहेत, आणि तरीही ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना त्याचा आनंद झालेला दिसत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, किंवा शिंदखेडा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत याविषयी चौकशी केली, तर एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत कानी येते. मोबाइलवर संदेश येतो : अमुक अभ्यासक्रमात आपली नोंदणी करण्यात आली आहे, तो अमुक तारखेच्या आत पूर्ण करावा. नोंदणी कोणी केली, कशासाठी केली, अभ्यासक्रमाचा आपल्या कामाशी संबंध काय आणि तो करावयाचा केव्हा, यांपैकी कशाचेही उत्तर त्या संदेशात नसते.

हा प्रश्न संगणकाचा आहे, संघटनेचा नव्हे, असे आपल्यातीलच काही कार्यकर्ते मानतात. पगारवाढ, बोनस, ठेकेदारी यांच्या तुलनेने तो त्यांना क्षुल्लक वाटतो. आमचे मत तसे नाही. श्रमिकांच्या इतिहासात यादी ज्याच्या हाती असते त्याच्या हाती सत्ता असते, हे वारंवार दिसून आलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगाराला रोज सकाळी दरवाजाशी उभे राहावे लागे आणि त्या दिवशी कोणाला आत घ्यावयाचे हे जॉबर ठरवी. यादी जॉबरच्या डोक्यात असे. म्हणून त्याला चहा पाजावा लागे, सणाला भेट द्यावी लागे, प्रसंगी त्याच्याकडूनच व्याजाने पैसे काढावे लागत. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणून कामगारांना कार्डे दिली. जॉबरची सत्ता तेवढ्याने संपली नाही, परंतु यादी त्याच्या डोक्यातून कागदावर आली. १९६९ चा माथाडी कायदा त्याही पुढे गेला. हमालांची नोंद ठेवण्याचे काम त्याने मंडळांकडे सोपविले, आणि त्या मंडळांत सरकार व मालक यांच्या बरोबरीने कामगारांचेही प्रतिनिधी बसविले. पाठ तीच होती आणि पोतेही तेच होते. पण नोंदवही दुसऱ्या हाती गेल्याबरोबर हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि बोनस यांची भाषा बोलता येऊ लागली.

याच महाराष्ट्रातील आणखी एक नोंदवही आठवावी. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आलेल्या या योजनेचे वैशिष्ट्य केवळ काम देण्यात नव्हते. मजुराने आपले नाव नोंदवावे, कामाची मागणी करावी, आणि पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता मागावा, असा तो कायदा होता. भत्ता किती जणांच्या हाती पडला हा वेगळा आणि कटू विषय आहे. तथापि कायद्याची घडण ध्यानात घेतली पाहिजे. नाव मजूर नोंदवीत असे आणि त्या नोंदीने बांधले जाई ते सरकार. आजच्या संगणकीय प्रशिक्षणव्यवस्थेत हे नाते नेमके उलटे झालेले आहे. नाव वरचा अधिकारी नोंदवितो आणि त्या नोंदीने बांधला जातो तो कर्मचारी. नोंदणी या एकाच शब्दाखाली एकीकडे हक्क उभा आहे आणि दुसरीकडे हुकूम, एवढा हा फरक आहे.

या व्यवस्थेचे सर्वांत मोठे उदाहरण केंद्र सरकारचे आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत ५१० कोटी ८६ लाख रुपये खर्च करावयाचे ठरले. ‘आयगॉट’ नावाचा संगणकीय मंच हा त्याचा मुख्य भाग. तो चालविण्यासाठी ‘कर्मयोगी भारत’ ही सरकारी मालकीची, नफ्यासाठी नसलेली कंपनी २०२२ च्या जानेवारीत स्थापन झाली. नियमाधिष्ठित कारभाराकडून भूमिकाधिष्ठित कारभाराकडे जावयाचे, अशी तिची घोषणा आहे. प्रत्येक पदाची भूमिका कोणती, त्या भूमिकेत कामे कोणती, त्या कामांना क्षमता कोणत्या लागतात, याची एक चौकट आखावयाची आणि त्यानुसार अभ्यासक्रम नेमून द्यावयाचे, ही कल्पना कागदावर तरी सुसंगत आहे. प्रत्यक्षात खात्याच्या वतीने नेमलेला प्रशासक कर्मचाऱ्याला मंचावर दाखल करून घेतो, त्याला अभ्यासक्रम लावून देतो, आणि किती जणांनी ते पूर्ण केले याचा तक्ता वर पाठवितो. ऑक्टोबर २०२४ मध्ये एक ‘राष्ट्रीय शिक्षण सप्ताह’ साजरा झाला. त्यात प्रत्येकाने निदान चार तास शिकावे असे लक्ष्य होते. आमच्या खानदेशात सप्ताह म्हटला म्हणजे अखंड हरिनामाचा. त्यात कोणी किती तास टाळ वाजविला याची टक्केवारी कोणी काढीत नाही. २०२५ साली या मंचावरील कर्मचाऱ्यांची संख्या एक कोटीवर गेल्याचे जाहीर झाले, आणि त्याच वर्षी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनाशी हे अभ्यासक्रम जोडण्याचे पाऊल उचलले गेले.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. जोपर्यंत शिकणे ऐच्छिक असते तोपर्यंत नोंदणीतील चूक ही एक गैरसोय असते. शिकण्याला वेतन किंवा बढती जोडली की तीच चूक माणसाच्या पोटावर येते. याचा अनुभव महाराष्ट्रातील शिक्षकांनी घेतलेला आहे, आणि तो जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे.

शिक्षकाला बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते. दोहोंसाठी विहित प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे लागते. म्हणजे सेवा झाली, काम चोख आहे, तरी प्रशिक्षण नसेल तर वेतनश्रेणी नाही. हे प्रशिक्षण आयोजित करणे शिक्षकाच्या हाती नाही. ते सरकारने आयोजित करावयाचे. मधली काही वर्षे ते रखडले आणि पात्र शिक्षकांची रांग लांबत गेली. अखेर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ते संगणकावरून देण्याचे ठरविले, आणि जून २०२२ मध्ये इन्फोसिस कंपनीच्या ‘स्प्रिंगबोर्ड’ या मंचावर ते सुरू झाले. नोंदणी करणाऱ्या शिक्षकांची संख्या ९४ हजारांच्या आसपास होती आणि प्रत्येकाकडून २००० रुपये शुल्क घेण्यात आले होते. गुणाकार सोपा आहे : ही रक्कम १८ कोटींच्या वर जाते. स्वतःच्या कर्मचाऱ्यांना स्वतःच घातलेल्या अटीचे प्रशिक्षण देण्यासाठी त्या कर्मचाऱ्यांकडूनच शुल्क घ्यावे, यामागे अर्थशास्त्राचे कोणते तत्त्व आहे हे आम्हाला उमगलेले नाही, आणि अर्थशास्त्र शिकविण्यात आमचे आयुष्य गेले आहे.

पुढे काय झाले? नोंदणीच्या वेळी शिक्षकाने प्रशिक्षणाचा प्रकार निवडावयाचा होता, म्हणजे वरिष्ठ श्रेणी की निवडश्रेणी. आपला गट निवडावयाचा होता, म्हणजे प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक की अध्यापक विद्यालय. आणि आपला ई-मेल द्यावयाचा होता. यांपैकी एक जरी चुकले तरी पुढचे सर्व चुकणार. प्रकार चुकलेल्या, गट चुकलेल्या, ई-मेलचा पत्ता चुकीचा पडलेल्या शिक्षकांसाठी परिषदेला दुरुस्तीची सोय करून द्यावी लागली. ती सोय झाली ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्या दिवसांत जो शिक्षक आपले नाव चुकीच्या गटात पाहून अस्वस्थ झाला असेल, त्याने जावे कोठे? मुख्याध्यापक म्हणणार, ते आमच्या हाती नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याकडे संकेतशब्द नाही. मंच पुण्याच्या परिषदेकडे बोट दाखविणार आणि परिषद मंचाकडे. जुन्या कचेरीत निदान एक कारकून असे, त्याच्या टेबलाशी उभे राहून भांडता येई. नोंदणीच्या या नव्या कारभारात चूक सुधारून देण्याची जबाबदारी असलेला माणूस नावानिशी आणि हुद्द्यानिशी समोर असत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. याच श्रेणींचे प्रशिक्षण पुढे जून २०२५ मध्ये प्रत्यक्ष वर्गांत घेण्यात आले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आता वेळेचा प्रश्न. शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे की कामगाराच्या विश्रांतीचा? या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाच्या कायद्याने एका बाबतीत फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या दहाव्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे, की उमेदवाराने संबंधित विषयाच्या वर्गात घालविलेला वेळ हा त्याच्या सवेतन कामाचाच भाग समजावा. कोवळ्या वयाच्या उमेदवाराला जे मिळते ते वीस वर्षे यंत्रावर उभ्या राहिलेल्या त्याच्या उस्तादाला मिळू नये, हे कोणत्या न्यायात बसते? मोबाइलमधून शिक्षण देण्याचा सर्वांत मोठा लाभ ‘कोठेही आणि केव्हाही’ हा सांगितला जातो. व्यवहारात ‘कोठेही’ म्हणजे घरी आणि ‘केव्हाही’ म्हणजे रात्री. पूर्वी मालकाला कामगार वर्गात पाठवावयाचा तर पाळीतून सोडावा लागे, त्याची जागा भरावी लागे, मजुरी चालू ठेवावी लागे. हा सर्व खर्च आता कामगाराच्या जेवणानंतरच्या दोन तासांवर ढकलला गेला आहे, आणि नेटचे रिचार्जही त्याच्याच खिशातून होते. घरी गेल्यावर चूल पेटविणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या किंवा परिचारिकेच्या बाबतीत हे दोन तास कोठून काढावयाचे, याचा विचार हे तक्ते आखणाऱ्यांनी केलेला नसावा.

येथे भांडवलशाहीचेच एक मान्यवर अर्थशास्त्रज्ञ साक्षीला बोलविता येतील. गॅरी बेकर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या मानवी भांडवलावरील ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते ते सर्वसाधारण. त्याचा खर्च कामगार उचलील. जे केवळ एकाच आस्थापनेत उपयोगी पडते ते विशिष्ट. त्याचा भार आस्थापनेला घ्यावाच लागेल, कारण फायदा तिचाच आहे. बेकर यांचे सर्व म्हणणे मान्य करण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्याच कसोटीने पाहिले तर कंपनीची आचारसंहिता, तिच्या संगणकाची कार्यपद्धती, खात्याची नवी फाइलव्यवस्था, कायद्याच्या पूर्ततेसाठी घ्यावे लागणारे अभ्यासक्रम, यांतले काहीही कामगाराला दुसरीकडे चार पैसे अधिक मिळवून देणारे नाही. मग त्याचा वेळ फुकट का जावा?

आणि ज्याचा वेळ असा जातो तो निदान यादीत तरी आहे. नरडाण्यासारख्या वसाहतीत खरा अन्याय यादीबाहेरच्या माणसावर होतो. मोठ्या कारखान्यांच्या संगणकावर कायम कामगारांची नावे असतात. पोती उचलणारा, भट्टीजवळ झाडणारा, टाकीत उतरणारा, उंचावर रंग देणारा माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो. शिरपूरकडचा पावरा किंवा भिल्ल आदिवासी, शिंदखेड्याच्या कोरडवाहू शिवारातून आलेला शेतकऱ्याचा मुलगा, हंगामापुरता आलेला परप्रांतीय, यांचे नाव ठेकेदाराच्या वहीत. प्रशिक्षणाच्या यादीत घ्यावयाचे तर त्याला कर्मचारी क्रमांक पाहिजे, आणि क्रमांक दिला तर उद्या तो आमचाच कामगार आहे असा दावा होईल, ही व्यवस्थापनाची भीती. म्हणून ज्याला धोका सर्वांत अधिक त्याचेच नाव सुरक्षेच्या अभ्यासक्रमात नसते, आणि वातानुकूलित खोलीत बसणारा हिशेबनीस आग विझविण्याच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र घेऊन बसतो. जेथे ठेकेदाराच्या माणसांची नावे घातली जातात तेथेही दहा जणांचे अभ्यासक्रम एकच सुपरवायझर एकाच मोबाइलवर पुढे सरकवितो, हे या धंद्यातील माणसांना आम्ही सांगावे असे नाही. घरोघरी बापाचा अभ्यासक्रम मुलगी पूर्ण करून देते, हेही तसेच सर्वश्रुत आहे. प्रणालीला ‘पूर्ण’ एवढेच दिसते.

भाषेचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. ज्याची घरची बोली अहिराणी किंवा पावरी आहे आणि ज्याने मराठीही शाळेत जाऊन मिळविली आहे, त्याच्यापुढे इंग्रजीतील किंवा यांत्रिक हिंदीतील ध्वनिफीत लावून खाली ‘समजले’ अशा खुणेवर बोट टेकवून घेतले, तर ते शिक्षण होत नाही. तो अंगठा असतो. पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर घेत असे तसाच. उद्या अपघात झाला तर त्याच खुणेच्या आधारे म्हटले जाईल, की या कामगाराला सर्व धोके समजावून दिलेले होते आणि त्याने ते समजल्याची कबुली दिलेली होती.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे घडले त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. कामगारांना सुरक्षिततेसाठी माहिती, सूचना आणि प्रशिक्षण देण्याचे कर्तव्य कारखाना चालविणाऱ्यावर तिने घातले. असे प्रशिक्षण शक्यतो कारखान्यातच मिळविण्याचा हक्क कामगाराला दिला. आणि धोकादायक कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक केली. हजारोंच्या मृत्यूनंतर लिहिले गेलेले ते शब्द होते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाना कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. सुरक्षा समितीची तरतूद या संहितेतही आहे. या संहितांविषयी पक्षाचे आक्षेप या पानावर यापूर्वीही मांडले गेले आहेत, ते येथे पुन्हा उगाळीत नाही. हाती असलेल्या तरतुदीचा उपयोग करून घेणे मात्र आपले काम आहे.

संगणकावरील प्रशिक्षण सरसकट त्याज्य आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जुन्या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी ती पद्धत विसरू नये. पुण्याला किंवा यशदाला कोणाला पाठवावयाचे हे साहेबाच्या मर्जीवर असे. मर्जीतला माणूस तीनतीनदा जाऊन येई आणि अक्कलकुव्याचा किंवा शहाद्याचा कर्मचारी निवृत्त होईतो एकदाही जात नसे. लहान मूल घरी असलेल्या स्त्रीला आठ दिवसांचे निवासी शिबिर म्हणजे बंद दारच होते. करोनाच्या साथीत, २०२० च्या एप्रिलमध्ये, याच आयगॉटवरून आरोग्यसेवकांना घाईने साथीविषयीचे शिक्षण देण्यात आले. दुसरा मार्ग तेव्हा कोणालाच नव्हता. मोबाइलवर एखादा कठीण भाग पुन्हापुन्हा ऐकता येतो, हा फायदाही लहान नाही. साधन चांगले आहे. पण ते लावून देण्याचा, मुदत ठरविण्याचा आणि टक्केवारी मोजण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे आहे.

तो तसा असण्याचे कारण नाही. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपूरला. त्याची रचना आपल्यातील वयोवृद्ध कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. मंडळाने शिक्षणाधिकारी तयार करावयाचे, त्यांनी कामगारांतूनच निवडलेल्यांना श्रमिक-शिक्षक म्हणून घडवावयाचे, आणि त्या श्रमिक-शिक्षकांनी आपापल्या कारखान्यात परत जाऊन सहकाऱ्यांचे वर्ग चालवावयाचे. पुढे मंडळाचे काय झाले, तेथे सरकारी छापाची व्याख्याने किती झाली, यावर टीका करता येईल आणि ती झालेलीही आहे. परंतु त्या व्यवस्थेत वर्गाला कोणी जावे यात संघटनेचा शब्द होता, आणि शिकविणारा माणूस त्याच पाळीत काम करणारा होता. आजच्या प्रणालीत संघटनेला नोंदणीच्या पडद्यावर एक चौकोनही ठेवलेला नाही.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांनी धुळे-जळगाव भागात हा विषय हाती घ्यावा आणि तो मोघम निषेधाच्या ठरावाने उरकू नये. नरडाण्याच्या वसाहतीत जेथे सुरक्षा समिती आहे तेथे कामगार प्रतिनिधींनी पुढच्याच बैठकीत सुरक्षा-प्रशिक्षणाची यादी पटलावर मागावी, आणि तिच्याशी ठेकेदाराच्या हजेरीपटातील नावे ताडून पाहावीत. जी नावे हजेरीत आहेत आणि यादीत नाहीत त्यांचा आकडा व्यवस्थापनाला लेखी कळवावा. जेथे समिती असावयास हवी आणि नाही, तेथे पहिली मागणी तिचीच. पुढच्या करारात प्रशिक्षणाचा वेळ पाळीत धरण्याचे कलम घालावे. पाळीबाहेर करावा लागला तर त्याची मजुरी जादा कामाच्या दराने. अनिवार्य अभ्यासक्रम कोणते हे संघटनेशी बोलून वर्षारंभी ठरावे आणि वर्षभर ते वाढवीत नेऊ नयेत. ठेकेदाराच्या कामगारांना सुरक्षेचे शिक्षण यंत्राशेजारी, त्यांना समजेल अशा बोलीत, त्यांच्यातल्याच जाणत्या माणसाकडून मिळावे. मोबाइलवरची नोंद त्यानंतर.

शिक्षक आणि सरकारी कर्मचारी यांच्या संघटनांसाठी माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. आपल्या कार्यालयात अभ्यासक्रम नेमून देण्याचा अधिकार कोणाला दिलेला आहे, कोणत्या आदेशाने, गेल्या वर्षी कोणत्या पदाला कोणते अभ्यासक्रम लावले गेले, चुकीच्या नोंदणीच्या किती तक्रारी आल्या आणि त्या किती दिवसांत सुटल्या, एवढे चार प्रश्न एका पानावर मावतात. अर्जाला दहा रुपये लागतात. वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणासाठी शिक्षकांकडून शुल्क घेणे बंद व्हावे, आणि सरकारच्या दिरंगाईने प्रशिक्षण लांबले असेल तर वेतनश्रेणी पात्रतेच्या दिनांकापासूनच धरावी, ही मागणी जिल्हा पातळीवरील शिक्षक संघटनांशी बोलून एकत्रित करावयाची आहे. शिंदखेडा, शिरपूर आणि अमळनेर येथील शाखांनी आपापल्या तालुक्यातील उत्तरे आणि कारखान्यांतील आकडे या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावेत. ते याच पानावर, कामगारांची नावे न देता, प्रसिद्ध करण्यात येतील.